फरशीखालचा उजेड

ताराक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोरीची जाळी उचलून खालचा गाळ काढत होते. केसांचे गुंते, साबणाचा बुळबुळीत थर, फुगलेली शितं... हात कोपरापर्यंत त्यात. लेकीनं फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडून दिलीपदादा, ताराक्काचा मुलगा, म्हणाला, "ताई, आई गेली. आज सकाळी." मी नुसतं "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर आधी तो गाळ पुरता काढला, कागदात बांधला, फिनेल ओतलं, हात तीनदा धुतले आणि मग रडायला बसले. या क्रमाचं कुणाला नवल वाटेल, ताराक्काला वाटलं नसतं. अर्धी घाण काढून उठणारी बाई तिला आवडायची नाही.

या गोष्टीला दीड महिना झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, लिहायची सवय नाही. पण तिच्याबद्दल कुठंतरी लिहून ठेवावं असं रोज वाटतं आणि लिहायला बसलं की आठवतं ते सगळं किळसवाणंच. उंदरांच्या लेंड्या, सडका कांदा, नासलेलं दूध, सापाची कात. ताराक्कानं जन्मभर फुलं विकली, तरी तिचं नाव घेतलं की माझ्या नाकात आधी घाण येते. त्यात तिचा दोष नाही. ती घाण माझी होती.

नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी परभणीकडच्या एका खेड्यातून नाशिकला आले. आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात लागले होते. खोली मिळाली मखमलाबादच्या पुढं, ताराक्काच्या मळ्यात. एका ओळीत तीन खोल्या, आमची शेवटची. आत पाऊल टाकलं आणि कांद्याचा इतका उग्र वास आला की मला उमासाच आला. नंतर कळलं, या खोल्या म्हणजे मुळात कांद्याची चाळ. कांद्याला खालून वारा लागावा म्हणून चाळ दगडी खांबांवर हातभर उचललेली असते. कारखान्यातली माणसं खोल्या शोधत यायला लागली तशी ताराक्कानं चाळीला विटांच्या भिंती घातल्या, वर पत्रे टाकले, पायाखाली शहाबादी फरशी बसवली. खालची पोकळी मात्र तशीच राहिली. म्हणजे आम्ही चूल मांडायचो, जेवायचो, झोपायचो, आणि आमच्याखाली हातभर अंधार.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "आक्का, खाली साप येतात का हो?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते तुझ्यावर हाय. बोलावलेस तर येतील."

ती चेष्टा करते आहे असं वाटून मला तिचा रागच आला. माझ्यासाठी ती चेष्टा नव्हती. माझा धाकटा भाऊ पान लागून गेला होता. आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. नाव घेतलं तर तो ऐकतो. भाऊ सात वर्षांचा होता. त्याच वर्षी माझी शाळा सुटली, कारण माय अंथरुणाला खिळली आणि घर माझ्यावर आलं. तेव्हापासून मला अंधारात पाय टाकवत नाही. चपला झटकल्याशिवाय घालत नाही. पाटावर बसायच्या आधी पाट उलटा करून बघते. सासरी हसायचे. ताराक्का हसली नाही. पाट उलटा करताना मला बघून ती म्हणाली, "हे बरं करतीस. पण पाटाखाली कशाला येईल तो? तिथं खायला काय हाय?"

कशी होती ती? हाडकुळी, काळीसावळी, लुगड्याचा काष्टा कायम वर खोचलेला, आणि नाक असं आकसलेलं की जणू जगात कुठंतरी काहीतरी सडतंय आणि ते फक्त तिलाच कळतंय. भल्या सकाळी फुलांच्या पाट्या घेऊन पंचवटीला जायची, नऊपर्यंत परत यायची आणि हातपाय धुवून खोल्यांमागं फेरी मारायची. "शी!" हा तिचा नमस्कार. मधल्या खोलीतल्या दोघांनी अंड्यांची टरफलं मागं टाकली होती, तर ती सुपात भरून त्यांच्या दारात नेऊन ओतली. आमचे हे गुटखा खाऊन मागच्या भिंतीवर थुंकायचे. तिनं एका रविवारी चुन्याची बादली आणि कुंचा आणून त्यांच्यापुढं ठेवला. "जावईबापू, तुमची रांगोळी पुसा. लय सुंदर झालीय, पण माझी भिंत हाय." यांनी निमूट पुसली. पुसताना त्यांचा चेहरा बघून मी पदरात तोंड घालून हसले, तर मला म्हणाली, "तू हसू नको. तुझ्या मोरीत परवाचं शीत हाय."

घराभोवती दोन हात जमीन ती कायम उघडी, झाडून ठेवायची. गवताची काडी नाही. सरपण भिंतीला टेकवायचं नाही, दोन दगडांवर उचलून लांब रचायचं. खोल्यांखालच्या पोकळीला तिनं चहूबाजूंनी बारीक जाळी ठोकली होती. दाराच्या तळाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी, चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून बसवलेली, ती फरशीला घासायची आणि दार उघडताना कुई वाजायची. कुणी सांगायचं, आक्का, हिंग टाका, लसूण टाका, झेंडू लावा, झेंडूनं साप पळतो. ती म्हणायची, "एवढा बिघाभर झेंडू लावलाय, त्यातच तर निघतात. त्यास्नी काय वास आवडत नाय ते मला ठाऊक नाय. काय आवडतंय ते ठाऊक हाय. उंदीर आवडतो. आन् उंदराला तुमची घाण आवडती. झालं."

आणि तिचा आरसा. गेलेल्या नवऱ्याचा दाढीचा आरसा, पत्र्याच्या चौकटीतला, एक कोपरा तडकलेला. आठवड्यातून दोनदा, ऊन तिरपं झालं की ती खोल्यांमागं उकिडवी बसायची, आरशात ऊन पकडायची आणि जाळीतून फरशीखाली फेकायची. उजेडाचा तो तुकडा एकेका खांबाला शिवत, कोपऱ्यात थांबत, मागं येत फिरायचा. आपल्या घराखाली काय आहे हे मी जन्मात पहिल्यांदा तिच्यामुळं बघितलं. कोरडी माती होती नुसती. मी म्हटलं, "आक्का, आरसा चांगला हाय की, केस विंचरायला द्या मला." तर म्हणाली, "नाय. आरशात तोंड बघायचं वय गेलं माझं. आता घराचं बूड बघती."

लेक झाली त्याच्या पुढच्या श्रावणात मला पत्र आलं. म्हणजे मायचं, शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतलेलं. त्यात सगळी खुशाली दोन ओळींत आणि उरलेल्या पत्रात एकच, नागोबाचं दूध-लाह्या चुकवू नको, तुला आता लेकरू आहे, आपल्या घरावर त्याचा कोप आहे. मळ्यात वारूळ नव्हतं. ताराक्कानं राहू दिलं नव्हतं. मग मी काय करावं? पंचमीच्या दुपारी ती मळ्यात असताना मी मागच्या कोपऱ्यात गेले, उलथन्यानं जाळीचा कोपरा उचकटला आणि दूध-लाह्यांची बशी फरशीखाली सरकवली. हात जोडले. म्हटलं, बाबा, हे घे आणि वर येऊ नको.

दुसऱ्या दिवशी बशी रिकामी होती. इतकी लख्ख, जणू घासून ठेवलेली. काय वाटलं सांगू... चौदा वर्षांनी कुणीतरी माझ्या छातीवरचा दगड उचलला असं वाटलं. त्यानं घेतलं! मग मी रोज ठेवायला लागले. दूध नसेल तर दूध-पाणी, लाह्या संपल्या तर भाकरीचा चुरा, कधी भात. एक बशी पुरेना म्हणून दुसरी. लेकीच्या वाट्याचं दूध पाणी घालून वाढवलं, हेही लिहायला हवं. त्या वर्षी पाऊस उघडलाच नाही, ऊन नाही म्हणून ताराक्काचा आरसा खुंटीवरून हललाच नाही. आणि घरात हळूहळू वास यायला लागला. आधी वाटलं ओल आहे. मग वाटलं लेकीचे लंगोट आहेत. तो वास गोडसर, आंबूस होता, जिभेवर बसायचा. फरशीखाली खसखस व्हायची. मी स्वतःला सांगायची, तो आहे, राखण करतोय. एका ठिकाणी दोन फरश्यांमधलं सिमेंट निघालं होतं. लेक आठ महिन्यांची, रांगणारी. त्या फटीत बोट घालून बसायचा तिला नाद होता.

पितृपक्षात ऊन पडलं. मी आत कणीक मळत होते. मागून ताराक्काचा आवाज आला, मोठा नाही, उलट नेहमीपेक्षा बारीक.

"ए परभणी. पोरीला उचल."

"काय झालं हो?"

"आधी उचल. मग विचार."

लेक फटीशीच बसली होती. तिला उचलून, कणकेच्या हातानं तशीच मागं गेले. ताराक्का उकिडवी होती, हातातला आरसा अजिबात हलत नव्हता. "वाक. बघ," म्हणाली. मी वाकले. उजेड पडला होता माझ्या बशीवर. दुधाची पिवळी-हिरवी साय, तिला केसांसारखी बुरशी, त्यात वळवळणारे पांढरे किडे, बशीभोवती झुरळं. त्याच्यापुढं लेंड्याच लेंड्या, काळ्या, ओल्या, माती दिसत नव्हती. चिंध्यांचं घरटं, त्यात उंदराची पिल्लं, गुलाबी, केस नसलेली, एकमेकांवर चढणारी. ताराक्कानं मनगट जरासं वळवलं. उजेड खांबामागं गेला. तिथं कात लोंबत होती आणि तिच्याखाली वेटोळं... मधोमध फुगलेलं. ते बरोबर आमच्या फटीखाली होतं.

सापांचं जाणणारे एक शाळामास्तर लुनावरून आले. जाळी काढून, आकड्यानं ओढून त्यांनी त्याला उन्हात आणलं. नाग होता. फडा काढला, मग एकदम खाली टाकला आणि तोंड वासलं. मला वाटलं आता चावतो. तो ओकला. आख्खा उंदीर बाहेर आला, बुळबुळीत, केस चिकटलेले, अर्धं तोंड विरघळलेलं. मागोमाग दुसरा. असा वास सुटला की मधल्या खोलीतला गडी तिथंच बाजूला वळून ओकला. मास्तर म्हणाले, "घाबरला की टाकतो तो खाल्लेलं." ताराक्कानं नाकाला पदर लावला नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ. हा तुझा नैवेद्य."

नाग पोत्यात गेला, मास्तर गेले. आता खोली सोडा म्हणणार, हे मी धरूनच चालले होते. मनात पेटी भरायला घेतली होती. यांना काय सांगू, परभणीला कोणत्या तोंडानं जाऊ. ताराक्का आत गेली आणि दोन बादल्या, खराटा, चुन्याची पिशवी घेऊन आली. एक बादली माझ्यापुढं ठेवली. "तू केलीस, तू काढ. मी हाय संगं." लेकीला तिनं आपल्या सुनेकडं दिलं आणि आम्ही दोघी पोटावर पडून, हातभर पोकळीत हात घालून ती घाण काढत राहिलो. ती मधूनमधून "शी! शी गं!" म्हणत होती आणि तरी हात मागं घेत नव्हती. लेंड्या ओल्या होत्या, नखांत जात होत्या. तिथं, तोंड मातीला लागलेलं असताना, एकमेकींचे चेहरे दिसत नसताना माझ्या तोंडून ते निघालं, जे मी मायला सांगितलं नव्हतं, यांना सांगितलं नव्हतं.

"आक्का, मी लहानपणी नागाचं दूध प्यायले होते."

"म्हंजी?"

मी सांगितलं. पंचमीला मायनं तांब्याभर दूध देऊन मला वारुळाकडं पाठवलं होतं. आमच्यात दूध सणालाच दिसायचं. बाभळीमागं बसून मी ते सगळं पिऊन टाकलं. तांब्या मातीनं घासला आणि घरी येऊन सांगितलं, वाहिलं. त्याच श्रावणात भावाला पान लागलं. "तो माझ्यामुळं गेला, आक्का."

खराट्याचा आवाज थांबला. "सगळं प्यालीस?"

"सगळं."

"चांगलं केलंस. पोरीच्या पोटात तरी गेलं. वारुळावर ओतलं असतंस तर मुंग्यांनी खाल्लं असतं." पुन्हा खराटा सुरू झाला. मग थोड्या वेळानं, "भाऊ कुठं निजायचा?"

"कणगीपाशी. ज्वारीच्या."

"उंदीर?"

"लय होते. अंगावरून जायचे."

"मग?"

एवढंच म्हणाली. मग. मी मातीत तोंड खुपसून पडले होते आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मला ती कणगी दिसली, तिचं कुरतडलेलं बूड, खाली सांडलेली ज्वारी, उंदरांची वाट, आणि त्या वाटेवर माझ्या भावाचं अंथरूण. दूध नव्हतंच तिथं कुठं.

"दवाखान्यात नेला?"

"देवळात नेला. लिंबाचा पाला चारला. कडू लागत नाही म्हणाला, म्हणजे विष चढलंय, म्हणून उतारा करत बसले. तालुक्याची गाडी निघून गेली."

"थू!" ती थुंकली. क्षणभर वाटलं माझ्यावरच. पण तिचा हात आला, लेंड्यांनी भरलेला, आणि माझ्या मनगटावर बसला. "त्याला तुझं दूध ठाऊक नाय. तुझा भाऊ ठाऊक नाय. त्याला उंदीर ठाऊक हाय. तू उगा एवढी वर्सं घाण सांभाळलीस." कुणी मला जवळ घेऊन समजावलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तिला माझी दया आली नव्हती, त्या सगळ्या प्रकाराची किळस आली होती. म्हणून ते मला पटलं.

संध्याकाळच्या आत जाळी नव्यानं ठोकली, फट सिमेंटनं बुजवली. बशा तिनं फोडून पुरल्या. त्या खोलीत आम्ही पुढं नऊ वर्षं राहिलो आणि फरशीखाली एक उंदीर झाला नाही. मायला मी कणगीचं पत्र लिहिलं, माझ्याच अक्षरात. तिचं उत्तर आलं नाही. पण पुढच्या खेपेला गेले तेव्हा कणगी दगडांवर उचललेली होती.

मग सिडकोत तिसऱ्या मजल्यावर घर झालं आणि जाणंयेणं कमी झालं. शेवटची भेट दिवाळीतली. ताराक्काचे डोळे गेले होते, हाताला धरून फिरवावं लागायचं. खोल्यांत नवीन माणसं होती. तिनं मला आरसा आणायला लावला, मागं नेलं आणि म्हणाली, "टाक उजेड. मला दिसत नाय. तू सांग." मी उकिडवी बसले. जाळी दोन ठिकाणी फाटली होती. खाली प्लॅस्टिकच्या पिशव्या, शिळा भात, दूध-पिशव्या, आणि लेंड्या. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, तोंड भलतीकडं. मी म्हणाले, "काही नाही, आक्का. स्वच्छ आहे."

ती जाळीच्या बाजूला वाकली. नाक आकसलं. "बरं," म्हणाली. "वास तर येतोय."

मी विषय बदलला. वाटलं, आता या वयात तिला कशाला त्रास... खरं तर मला घाई होती, नवी साडी होती. तिनं मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, आणि तिला ते कळलं.

तेराव्याला गेले. मोठी पंगत होती, मळ्यात मांडव. वरण-भात, पुऱ्या, बुंदी. हात धुवायला मागं गेले तर आचाऱ्याची माणसं उष्ट्या पत्रावळ्यांचे ढीग खोल्यांमागं ओतत होती, थेट फाटलेल्या जाळीला लागून. भाताचे लगदे, चोखलेली बुंदी, वरणाचे ओघळ पोकळीत उतरत होते, माशा घोंघावत होत्या. ज्या बाईच्या नावानं जेवले तिच्याच घराच्या बुडाखाली! मला इतकी किळस आली की तोंडातून "शी!" निघालं. मी पदर खोचला आणि फावडं मागितलं.

दिलीपदादा धावत आला. "ताई, राहू द्या हो. उद्या घंटागाडी येईल."

"उद्यापर्यंत उंदीर येतील, दादा."

"पाहुणे बघतायत..."

"बघू द्या. त्यांचंच उष्टं आहे."

त्यानं बाह्या सारून घमेलं धरलं. त्याची बायको जाळी आणि हातोडी घेऊन आली. उष्टं झेंडूच्या वाफ्यात खड्डा करून पुरलं, प्लॅस्टिक पोत्यात भरलं. भाडेकरू आधी दारात उभे राहून बघत होते, नंतर त्यांतली एक बाई खाली आली. मी पोटावर पडून आत हात घातला. जुन्या लेंड्या, जुना भात, सगळं तळापर्यंत खरवडलं. साडी गेली. शेवटची चूक ठोकून होईतो ऊन तिरपं झालं होतं.

आरसा त्याच खुंटीवर होता. चौकट गंजलेली, तडा आता निम्म्यापर्यंत आलेला. तो घेऊन मी तिच्या जागेवर उकिडवी बसले, ऊन पकडलं आणि आत फेकलं. तड्यामुळं उजेडाचे दोन तुकडे पडले. दोन्ही एकेका खांबाला शिवून आले. कोरडी माती होती.

"स्वच्छ आहे, आक्का," मी म्हणाले. आणि नाकानं खोल श्वास घेतला. वास येत नव्हता.